अंगठ्याएवढी फट

गेल्या श्रावणात दूधगंगेच्या मध्यावर काहील फिरली, तेव्हा तिच्यात दोन माणसं होती: काहील वल्हवणारा मष्णू आणि भावकू सुताराची लेक दिपाली. काहील म्हणजे गूळ शिजवायची कढई. लोखंडी, उथळ, परातीसारखी गोल. बोरगावच्या अलीकडे, जिथे नदी उसाच्या रानांमधून वळण घेते, तिथे पाणी वाढलं की पलीकडच्या मळ्यातली माणसं गुऱ्हाळातली काहील ओढत आणून नदीत लोटतात आणि पाणी उतरेपर्यंत तिलाच होडी म्हणतात. पण काहिलीला नाक नसतं, पाठही नसते. पाणी जिकडे वळवील तिकडे तिचं तोंड.

त्या दिवशी पाण्याने तिला तीनदा स्वतःभोवती फिरवलं आणि चौथ्यांदा पालथं केलं. मष्णूने बाभळीची फांदी धरली, दिपालीने मष्णूचा सदरा धरला. तिची औषधांची पेटी आणि कन्नडमध्ये भरलेली दोन रजिस्टरं नदीने नेली.

दिपाली आशा कार्यकर्ती होती. सासर माहेरच्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे. मळ्यातल्या अकरा घरांमधल्या गरोदर बायका, तान्ही मुलं, म्हाताऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं तिच्याकडे. त्या घटनेवर ती आठ दिवस काही बोलली नाही. नवव्या दिवशी माहेरी आली, आईजवळ बसली आणि म्हणाली, “आई, पाण्याखाली कसलाच आवाज येत न्हाय गं. आपला सुद्धा न्हाय.”

सोप्यात भावकू रंधा मारत होता. ते वाक्य ऐकून त्याचा रंधा फळीच्या मध्यावर थांबला, आणि त्या फळीवर त्या जागी एक उंचवटा कायमचा राहिला.

‘जाऊ नको’ असं तो तिला म्हणाला नाही. ती गेलीच असती. मळ्याला दुसरी वाट अठरा किलोमीटरची, आणि तीसुद्धा ओढ्यावरचा पूल पाण्याबाहेर असेल तोवरच. तो फक्त इतकंच म्हणाला, “फुडल्या मिरगाच्या आत तुला होडी करून देतो.”

“तुमी?” बायको शालूबाई विड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिने मानही वर केली नाही. “जल्मात पाण्यात पाय घातला न्हाय. अंघोळीला सुद्धा बादली लांब ठेवताय.”

---

भावकूने उभ्या आयुष्यात बैलगाड्या केल्या, नांगर केले, दारांच्या चौकटी केल्या. आणि गाड्या संपल्यावर निपाणीतल्या बंगल्यांची प्लायवूडची कपाटं केली. होडी केली नव्हती. त्याचा भाचा नागेंद्र खानापूरला आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचा. त्याने कागदांची एक गुंडाळी पाठवली आणि तिच्यापाठोपाठ शिवणीच्या लाकडाच्या पट्ट्याही कापून पाठवल्या: बारा फूट लांब, इंचभर रुंद, पाव इंच जाड. प्रत्येक पट्टीच्या एका कडेला खोबण, दुसरीला गोलाई. एकीची गोलाई दुसरीच्या खोबणीत बसायची, मध्ये गोंदाची बारीक धार, आणि अशा पट्टीवर पट्टी चढवत होडीचं अंग भरत न्यायचं.

भावकूने त्या पट्ट्या उचलून पाहिल्या. गाडीच्या जुवाला सरावलेल्या त्याच्या हातांना त्या जवळपास नसल्यासारख्याच वाटल्या. “नागेंद्रा,” तो फोनवर म्हणाला, “ह्या काय, पतंगाच्या काड्या धाडलास व्हय रं?”

“मामा, एकेक काडीच हाय. जोडल्यावर बघा.”

चैत्राच्या शेवटी परसातल्या पत्र्याच्या छपरीत काम सुरू झालं. आधी एक लांब सरळ दांडा, त्याच्यावर हातभर अंतराने प्लायवूडचे नऊ साचे उभे केले. मधला सर्वात रुंद, टोकांकडचे अरुंद होत गेलेले. उलट्या होडीचं ते नुसतं हाडांचं चित्र होतं. भावकू कितीतरी वेळ त्या साच्यांच्या मधल्या मोकळ्या हवेकडे पाहत बसला. आजवर त्याने जे केलं ते, चाकं सोडली तर, सगळं काटकोनात होतं. इथे गुण्या लावायला एक जागा नव्हती.

पहिली पट्टी त्याने वाकवून साच्यांना खिळ्यांनी ठोकली. खिळे बारीक होते, तरी तिसऱ्या खिळ्याला पट्टी टोकापासून चिरली. दुसरी पट्टी घेतली, तीही चिरली. तिसऱ्या पट्टीला त्याने आधी भोक पाडून पाहिलं. ती चिरली नाही, पण ताण सहन न होऊन खिळ्यासकट उपटून आली आणि त्याच्या कपाळावर बसली.

शालूबाई उंबऱ्यावर बसून विड्या वळत होती. तिच्या बोटांना बघायला डोळे लागत नसत. पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोऱ्याचे दोन वेढे, गाठ. एवढं होईपर्यंत तिचं लक्ष नवऱ्याच्या कपाळाकडेच होतं.

“मारा, आनी एक खिळा मारा,” ती म्हणाली. “ती बिचारी वाकाय लागलीया, आनी तुमी तिला मारताय.”

“मग काय पाया पडू तिच्या?”

“बांधा की. विडीला कोन खिळा मारतंय का?”

विडीचा दोरा इथे कामाचा नव्हता, पण सुतळी होती. शालूबाईने सूप बाजूला ठेवलं, सुतळीचा फास साच्याखालून घेतला, पट्टीवरून आणला, आणि अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये काहीतरी झालं. काय झालं ते भावकूला दिसलं नाही. गाठ बसली होती. ओढलं तर घट्ट होत होती, शेपूट खेचलं तर सुटत होती.

भावकूने सुतळीखाली लाकडाची एक छोटी पाचर सरकवली आणि हलकेच ठोकली. पट्टी आपल्या जागी बसली. सुतळी सतारीच्या तारेसारखी टणकारली.

त्या दिवसापासून रोज सकाळी दोघं छपरीत उभे राहू लागले, साच्याच्या एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला ती. ऊन चढायच्या आत काम उरकावं लागे. दोन डब्यांमधला गोंद एकत्र केला की वैशाखाच्या उष्म्यात तो वाटीतच तापायचा, एकदा तर त्यातून धूर निघाला होता. गोंद कालवून झाला की तो जरा दाट होईपर्यंत भावकू तळहातावर तंबाखू काढायचा, नखाएवढा चुना लावायचा, अंगठ्याने मळायचा, दोन टाळ्या मारून ओठाखाली ठेवायचा. मग पट्टी हातात घ्यायची, खोबणीतून अंगठा फिरवायचा. वीतभर जाऊन थांबायचं, दाबायचं, पुढे जायचं. ही त्याच्या बापाची सवय होती. डोळ्याला लाकडातली खोट चुकते, अंगठ्याला नाही, असं त्याचा बाप सांगायचा. त्यानंतर गोंदाची धार, नवी पट्टी, तिची गाठ, त्याची पाचर.

बोलणं फार होत नसे. पण पस्तीस वर्षांच्या संसारात ते असे समोरासमोर, एकाच लाकडावर वाकून, कधी उभे राहिले नव्हते. होडीचं अंग दोन्हीकडून वर चढत गेलं आणि दोघांमधलं अंतर पट्टीपट्टीने बुजत गेलं. शेवटची पट्टी माथ्यावर बसवताना त्यांचे हात एकमेकांना लागले. शालूबाई म्हणाली, “सरका, गोंद लागंल.” आणि दोघंही उगाचच हसले.

---

गोंद वाळू देऊन तिसऱ्या दिवशी त्यांनी सुतळ्या सोडल्या. साच्यांवरून होडी उचलली. ती इतकी हलकी निघाली की दोघांचाही तोल गेला. भावकूने तिला सुलटी करून उन्हाकडे धरली आणि आत डोकावला.

आत तारे होते. भर उन्हात, होडीच्या अंगभर, बारीक उजेडाच्या टिकल्या.

त्याने एका टिकलीजवळ पट्टी दाबली. टक् असा आवाज झाला आणि सांधा बोटभर उकलला. दुसरीकडे दाबली, तिथेही टक्. त्यानंतर त्याने दाबून पाहिलं नाही.

“उकललीया सगळी,” तो म्हणाला. त्याने होडी जमिनीवर ठेवली, अगदी हळू, जणू अजून ती कुणाला द्यायची होती. मग छपरीबाहेर जाऊन पाठमोरा बसला. मृगाला तेवीस दिवस होते.

दुपारी दिपाली आली. नवं रजिस्टर घेऊन ती मळ्याकडे निघाली होती. अजून पाणी गुडघ्याएवढं होतं, चालत जाता येत होतं. तिने होडी पाहिली, बापाची पाठ पाहिली.

“आप्पा, ऱ्हाऊ दे. मष्णूअण्णा म्हणत्यात, काहिलीला औंदा दोन्हीकडनं दोर लावूया.”

“काहिलीचं नाव काढू नकोस.”

“मग मी उडून जाऊ काय?” ती चिडून म्हणाली. नंतर तिचा आवाज उतरला. “औंदा मळ्यात तिघी हायत्या. एकीचं दिवस आषाढातच भरत्यात. मला जायाच लागतंय, आप्पा. होडी असू दे न्हाय तर नसू दे.”

ती गेल्यावर भावकूने नागेंद्रला फोन लावला आणि गोंदाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. भाच्याने सगळं ऐकून घेतलं.

“मामा, एक सांगा. सगळीकडं सुटलंय का मधीमधी?”

“मधीमधी. पर म्हणून काय झालं?”

“गोंद वाईट असता तर सगळीकडंच सुटला असता. जिथं धरलंय तिथं पटाशी घालून बघा, सांधा सुटतोय का लाकूड फाटतंय.”

भावकूने पटाशी घातली. लाकूड फाटलं, सांधा हलला नाही. हे त्याला समजेना, आणि न समजणं हे त्याला रागापेक्षा जड गेलं. “ह्या लाकडाला माझा हात मानवत न्हाय,” तो बायकोला म्हणाला. “गाड्या करणारा हात. बंबात घाल ही.”

शालूबाई उठली. तिने चुलीजवळचा कोळसा घेतला आणि जिथे जिथे उजेड दिसत होता तिथे तिथे बाहेरून खूण करत गेली. खुणा झाल्यावर दूर उभी राहून तिने पाहिलं. मग जवळ आली, एका खुणेवर अंगठा ठेवला, करंगळी ताणली. वीत. पुढच्या खुणेपर्यंत वीत. अधलीमधली एखादी जागा धरलेली होती, पण तिच्या पुढची खूण पुन्हा वितीवरच. तिची वीत लहान पडत होती, प्रत्येक वेळी दोन बोटांनी.

“इकडं या,” ती म्हणाली.

“काय?”

“हात द्या.”

तिने त्याचा उजवा हात धरून होडीवर टेकवला. अंगठा एका खुणेवर, करंगळी दुसऱ्या खुणेवर. तंतोतंत. मग अंगठा उचलून उकललेल्या फटीवर आडवा ठेवला. फट अंगठ्याएवढी होती.

भावकूने हात मागे घेतला नाही. तिने तो नाकाजवळ नेला आणि वास घेतला. त्याची गरज नव्हती. त्या अंगठ्याच्या रेषांमध्ये चाळीस वर्षांचा तंबाखू आणि चुना भरला होता. पण तिला बहुधा खात्री करायची होती, किंवा त्याला करून द्यायची होती.

“गोंदाला तंबाखू खायला घालताय व्हय?” ती म्हणाली.

तो काही वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिला. ज्याने खोट शोधायची, तोच ती पेरत आला होता. आणि प्रत्येक फट त्याच जागी होती, जिथे त्याने सर्वात जास्त काळजी घेतली होती.

तरीही सुतार पुरावा मागतो. उरलेल्या पट्ट्यांचे चार तुकडे त्याने काढले. दोन तुकडे नेहमीसारखे, तंबाखू मळून, अंगठा फिरवून चिकटवले. दोन तुकडे पॉलिश पेपरने घासले, स्वच्छ फडक्याने पुसले आणि हात न लावता जोडले. सुतळी बांधायला शालूबाई पुढे झाली आणि एकदम थबकली. तिने स्वतःची नखं उन्हात धरली. कडांना तपकिरी रेघ होती.

“माझ्या बी हातात हाय की,” ती हळूच म्हणाली. “आनी मी आपली शानी झालीया.”

दुसऱ्या दिवशी भावकूने पहिली जोडी गुडघ्यावर टेकवून दाबली. ती कुरकुर न करता सुटली, पान उलटावं तशी. दुसरी जोडी त्याने दाबली, मग जोर लावून दाबली, मग उभा राहून पायाखाली घेतली. ती मोडली, पण सांध्यात नाही. सांध्याशेजारच्या लाकडात मोडली.

भावकू ते मोडलेलं लाकूड हातात घेऊन पाहत होता. एखादं पत्र वाचावं तसं.

---

शालूबाईने त्याची तंबाखूची चंची घेतली, सुतळीच्या पाच वेढ्यांनी छपरीच्या खांबाला बांधली आणि वर आपली गाठ मारली.

“सोडून दावा,” ती म्हणाली.

त्याने दोन दिवस प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी नाद सोडला. पहिला आठवडा वाईट गेला; तो कोंबड्यांवर ओरडला, फोनवर नागेंद्रवर ओरडला, एकदा रंध्यावरही ओरडला. तोंडात बडीशेप, हातात घाम. शालूबाईने आपलं विड्यांचं सूप पुढच्या सोप्यात नेलं आणि छपरीत यायच्या आधी दोघंही रिठ्याच्या पाण्यात कोपरापर्यंत हात धुऊ लागले. डॉक्टर कापायच्या आधी धुतात तसे, असं दिपाली म्हणाली आणि तिने आपल्या पेटीतून रबरी हातमोज्यांच्या दोन जोड्या आणून दिल्या. भावकूच्या पंजाला ते मोजे बसेनात. अंगठ्याचं बोट तेवढं कसंबसं चढलं. “तेच तर झाकायचं हाय,” शालूबाई म्हणाली.

उकललेले सांधे त्याने बारीक करवतीने साफ केले. प्रत्येक फटीत नव्या लाकडाची चिपटी घासून बसवली, गोंद भरला. सुतळी, गाठ, पाचर. फटी एकूण एक्केचाळीस होत्या. भरून झाल्यावर त्या चिपट्या मूळ पट्ट्यांपेक्षा गडद दिसू लागल्या, कारण त्यातलं काही लाकूड जुन्या गाडीच्या उरलेल्या शिवणीचं होतं. होडीच्या अंगावर वितीवितीवर त्या काळसर खुणा उमटल्या. नागेंद्रने फोटो पाहून विचारलं, “मामा, ही नक्षी कशाची?” भावकू म्हणाला, “माझीच हाय.”

मग रंध्याने आणि घासकागदाने अंग एकसारखं केलं, काचेच्या धाग्यांचं पातळ कापड आतून-बाहेरून चढवलं, त्यावर गोंदाचा हात दिला. कापड भिजताच दिसेनासं झालं आणि खालचं लाकूड ओलं, जिवंत, मधासारखं वर आलं. शेजारीपाजारी येऊन बघून गेले. कुणी म्हणालं, देव्हाऱ्यात ठेवा. कुणी म्हणालं, फुटंल. भावकूला दोन्ही पटलं.

मृगाला चार दिवस उरले असताना त्यांनी ती नदीवरच्या, पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नेली. तिथे अडवलेलं पाणी अजून दोन पुरुष खोल होतं. भावकूच्या बापाची एक रीत होती: नवी गाडी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी सुताराने घरच्या माणसांना घेऊन तिच्यात बसायचं. चाक निखळलं तर आधी आपलं डोकं फुटावं. भावकूने ती रीत प्रत्येक गाडीला पाळली होती. पण त्या सगळ्या गाड्या जमिनीवर होत्या.

“बसा,” शालूबाई म्हणाली.

“तू?”

“मी काय गिऱ्हाईक हाय?” तिने पदर कमरेला खोचला आणि त्याच्या आधी चढून बसली.

दिपाली काठावर उभी होती. वल्हं तिच्या हातात होतं, पण पाय चिखलात रुतल्यासारखे. पलीकडच्या काठावरून मष्णूने हाक दिली, “दिपाक्का, ही फिरत न्हाय गं! हिला नाक हाय!”

ती हसली नाही. तिने एक पाय आत ठेवला. होडी एका अंगाला कलली, आणि दिपालीने डोळे मिटून घेतले. होडी परत सरळ झाली. मग दुसरा पाय. ती मध्यावर बसली, वल्हं पाण्यात घातलं आणि पहिल्यांदा फारच जोरात ओढलं. होडीने नाक वळवलं, थोडा विचार केल्यासारखी थांबली आणि पुढे निघाली.

काठ मागे पडला. वल्ह्यावरून थेंब पडायचे, तेवढाच आवाज. नदीच्या मध्यावर दिपालीने वल्हं थांबवलं. बहुधा हीच जागा असावी. ती कान देऊन ऐकत होती. पाणी तळाखालून जात होतं, अगदी पातळ लाकडापलीकडून, आणि त्याचा हलकासा चुळचुळाट आत ऐकू येत होता.

“ऐकू येतंय,” ती म्हणाली. कुणाला म्हणाली, ते तिने सांगितलं नाही.

भावकूचा हात आपोआप खाली गेला होता. तळाशी, एका गडद खुणेवर. अंगठा तिच्यापाशी येऊन क्षणभर थांबला. मग त्याने तो टेकवला, दाबला, वीतभर पुढे नेला, पुन्हा दाबला. असं नाकापर्यंत. मग हात वर आणून त्याने अंगठा उन्हात धरला.

कोरडा होता.

त्याने तो शालूबाईला दाखवला. तिने पाहिला, वासही घेतला. “रिठा,” ती म्हणाली.

पलीकडच्या काठाला होडी लागली तेव्हा मष्णू गुडघाभर पाण्यात येऊन नाक धरून उभा राहिला. त्याने अंगावरून हात फिरवला, खुणा मोजायला लागला, मोजता मोजता सोडून दिलं. “अण्णा, हे बेस काम झालं. चिमूटभर तंबाखू काढा की आता, त्या निमतानं.”

भावकूचा हात सवयीने कमरेकडे गेला आणि रिकामा परत आला. चंची छपरीतल्या खांबाला बांधलेली होती, आणि ती गाठ त्याला अजून सुटत नव्हती.

“बडीशेप हाय,” तो म्हणाला.

दिपाली नवं रजिस्टर छातीशी धरून मळ्याच्या पायवाटेला लागली होती. अर्ध्यावर जाऊन ती वळली. “आप्पा, तासाभरात येते. होडी इथंच ठेवा. येताना मी एकटी येणार हाय.”

भावकू आणि शालूबाई बंधाऱ्याच्या अजून उघड्या असलेल्या भिंतीवरून चालत अलीकडे परतले, आणि तासभर काठावर बसून राहिले.